इन्स्पेक्शनमध्ये क्रॉस दिसतो पण टायमर सुटला की उडतो, त्याचं काय करायचं

आधी तुझा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय. तू रुबिक क्यूब सीएफओपीने (आधी क्रॉस, मग पहिले दोन थर, मग वरचा थर अशी पद्धत) सोडवतोस, व्हाइट क्रॉस (पांढऱ्या बाजूचे चार एज, म्हणजे दोन रंगांचे पीस, आधी बसवणं), अ‍ॅव्हरेज १८-१९ सेकंदांच्या आसपास. इन्स्पेक्शनमध्ये (टायमर सुरू करण्याआधी क्यूब बघायला मिळणारे १५ सेकंद) क्रॉस सापडतो पण हात सुटले की तिसऱ्या-चौथ्या मूव्हला डोकं कोरं होतं, आणि क्रॉस झाला तरी पुढचा पीस कुठे आहे माहीत नसतं म्हणून क्यूब गोल गोल फिरवत बसतोस. मित्र म्हणतोय कलर न्यूट्रल हो (कुठल्याही रंगाने क्रॉस करायला शिक) नाहीतर एक्स-क्रॉस शिक. पुढच्या महिन्यात पहिली डब्ल्यूसीए (वर्ल्ड क्यूब असोसिएशन) कॉम्पिटिशन आहे आणि १५ सेकंद पुरतील का ही धाकधूक आहे.

पुरतील. १५ सेकंद क्रॉससाठी भरपूर आहेत, आणि हे मी बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, गणितच तसं आहे. एका रंगाच्या क्रॉसच्या चार एजच्या सगळ्या मिळून १,९०,०८० पोझिशन होतात. त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त ६ किंवा त्याहून कमी मूव्हमध्ये सुटतात, ७ मध्ये जवळजवळ सगळ्याच, आणि पूर्ण ८ मूव्ह लागतील अशा फक्त १०२ आहेत. म्हणजे तुला १५ सेकंदात जास्तीत जास्त सात-आठ मूव्ह शोधायच्या आहेत. आता तुला सापडणारा क्रॉस ९-१० मूव्हचा असेल, चालतं, सुरुवातीला सगळ्यांचा असतो. मुद्दा एवढाच की अडचण वेळेची नाहीये.

मग अडचण कुठे आहे? मी ठाण्यात मुलांना क्यूबिंग शिकवते आणि कॉम्पिटिशनला बऱ्याचदा जज म्हणून स्टॉपवॉच घेऊन बसते, त्यामुळे इन्स्पेक्शन चालू असताना लोकांचे डोळे आणि हात बघत राहणं हा माझा उद्योगच झालाय. २० सेकंदांच्या आसपास सोडवणाऱ्या पोरांचं एक ठरलेलं असतं. कव्हर उचललं की सहा-सात सेकंदात क्रॉस सापडतो, मग "८ सेकंद" अशी हाक आली की ते तोच क्रॉस मनात पहिल्यापासून म्हणायला लागतात, आर-प्राइम, डी, एफ (आर म्हणजे उजवी, डी खालची, एफ समोरची बाजू घड्याळाच्या दिशेने फिरवणं, प्राइम म्हणजे उलट दिशेने)... परत एकदा, अजून एकदा, आणि "१२ सेकंद" ऐकलं की दचकून क्यूब खाली. म्हणजे उरलेला अर्धा वेळ पाठांतरात गेला. आणि पाठ केलेलंच टायमर सुटला की उडतं, कारण ती नुसती अक्षरांची माळ आहे, कुठली मूव्ह कशासाठी ते त्यात नाही. एखाद्याला पत्ता "दुसरं डावं, मग तिसरं उजवं" असा सांगितला की एक वळण चुकलं की तो हरवला, पण "मारुतीच्या देवळापाशी वळ" म्हटलं की चुकला तरी देवळाशी परत येतो, तसंच आहे हे. तुला मूव्ह लक्षात ठेवायच्याच नाहीयेत, पीस लक्षात ठेवायचेत आणि ते कुठून कुठे चाललेत ते.

उदाहरण देते, हातात क्यूब घे. सोडवलेला क्यूब, पांढरा खाली, हिरवा समोर. आता एफ-प्राइम, डी-प्राइम, आर कर. झाला क्रॉस बिघडून. क्यूब तसाच धर, फिरवू नकोस. काय दिसतंय बघ. ऑरेंज-पांढरा एज समोर खाली आहे, लाल-पांढरा मागे खाली, दोन्हींचा पांढरा खालीच आहे. निळा-पांढरा समोर उजवीकडे मधल्या थरात, पांढरा स्टिकर तुझ्याकडे बघतोय. हिरवा-पांढरा उजवीकडे वरच्या थरात, त्याचा पांढरा उजवीकडे.

आता बहुतेक जण पहिलं काय करतात, सेंटर (बाजूचा मधला पीस) जुळवतात. ऑरेंज आणि लाल खालीच आहेत, एक डी मारला की आपापल्या सेंटरखाली बसतात, दोन झाले म्हणून खूश. मग निळा खाली आणायला आर-प्राइम करायला जातात आणि आत्ताच बसवलेला ऑरेंज उखडतो. मग तो वाचवण्यासाठी दोन मूव्ह, परत आणण्यासाठी दोन, आणि क्रॉस आठ-नऊवर जातो.

त्याऐवजी सेंटर विसर. ऑरेंज आणि लाल समोरासमोर आहेत, क्रॉसमध्ये ते समोरासमोरच असतात, म्हणजे त्यांचं आपसात बरोबर आहे, हात लावू नकोस. पांढरा खाली धरला तर ऑरेंजच्या उजव्या हाताला निळा येतो, आणि आत्ता ऑरेंज समोर आहे म्हणजे निळ्याची जागा उजवीकडे. आर-प्राइम केला की निळा बरोबर तिथे खाली येतो, आणि त्याच मूव्हमध्ये वरचा हिरवा मधल्या थरात समोर उजवीकडे उतरतो. एका मूव्हमध्ये दोन कामं. मग डी केला की तिघेही आपापल्या सेंटरखाली जातात आणि समोरची जागा मोकळी होते, एफ केला की हिरवा तिथे बसतो. आर-प्राइम, डी, एफ. तीन मूव्ह, आणि लक्षात काय ठेवायचं होतं? "निळा खाली, हिरवा सोबत येतो, जुळव, हिरवा बसव." चार वेळा घोकावं लागणार नाही हे.

यात दोन गोष्टी आहेत त्या नीट पकड. एक म्हणजे रंगांचा क्रम तोंडपाठ हवा, पांढरा खाली असताना हिरवा, ऑरेंज, निळा, लाल, समोरून उजवीकडे जात. झोपेतून उठवून विचारलं तरी यायला हवा, कारण क्रम आठवायला दोन सेकंद गेले तर इन्स्पेक्शनचे दोन सेकंद गेले. दुसरं, मधल्या थरातल्या एजला कधीच घाबरायचं नाही, तो एका मूव्हमध्ये खाली येतो आणि पांढरा खालीच बघतो. पांढरा स्टिकर ज्या बाजूवर आहे ती सोडून दुसरी बाजू फिरवायची, वरच्या उदाहरणात निळ्याचा पांढरा समोर होता म्हणून आपण उजवी बाजू फिरवली. त्रास देणारे असतात ते वरच्या थरात पांढरा बाहेर बघणारे आणि खालच्या थरात उलटे बसलेले. इन्स्पेक्शनमध्ये पहिले हे शोध, कारण क्रॉसचा आकार तेच ठरवतात, सोपे एज त्यांच्या मागून येतात. आणि त्यांना मधल्या थरात नेणारी मूव्ह जर दुसऱ्या एजला खाली आणणारी असेल, जशी आपली आर-प्राइम होती, तर तिथेच तुझा क्रॉस दोन-तीन मूव्हनी लहान झाला.

हे झालं क्रॉसचं, आणि खरं सांगायचं तर तुझा टाइम क्रॉसमध्ये जातच नाहीये. मोबाइल समोर ठेवून चार-पाच सॉल्व्हचा व्हिडिओ काढ आणि क्रॉसची शेवटची मूव्ह ते पहिल्या पेअरची (कॉर्नर आणि त्याचा एज यांची जोडी) पहिली मूव्ह, मधे किती वेळ जातो तेवढंच मोज. १८-१९ वाल्यांचा तिथे सहज एक-दीड सेकंद जातो, कधी त्याहून जास्त, आणि दोन रोटेशन (अख्खा क्यूब फिरवणं) होतात ती वेगळीच. क्रॉस नऊ मूव्हचा सात केलास तर अर्धा सेकंद वाचेल, ही फट बुजवलीस तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणून मी मुलांना सांगते की इन्स्पेक्शन संपताना तुझ्या हातात क्रॉस असायला हवाच, पण तपासायचं ते "क्रॉस संपल्यावर डोळे कुठे जाणार" हे ठरलंय की नाही. तेवढं ठरलं असेल तर इन्स्पेक्शन चांगलं झालं, मग क्रॉस एक मूव्ह लांब का असेना.

हे कसं करायचं? सगळ्या पेअर ट्रॅक करायला जाऊ नकोस, एक कॉर्नर (कोपऱ्यातला तीन रंगांचा पीस). फक्त एक. समज खऱ्या स्क्रॅम्बलमध्ये (विस्कटलेल्या क्यूबमध्ये) आपला वरचाच क्रॉस आला, आर-प्राइम, डी, एफ, आणि एक पांढरा कॉर्नर समोर वर डावीकडे बसलाय. आर-प्राइम त्याला लागत नाही, तो डाव्या बाजूला आहे. डी लागत नाही, तो वर आहे. एफ लागतो, त्याने तो समोर वर उजवीकडे येतो. झालं, तीन मूव्हपैकी एकच त्याला हलवते, एवढंच बघायचं होतं. आता त्याचा जोडीदार एज समज वरच्या थरात मागे आहे, त्याला तर या तिन्हीतली एकही मूव्ह शिवत नाही, तो तिथेच राहणार. म्हणजे क्यूब टेबलावर असतानाच तुला माहितीये की क्रॉस झाल्यावर कॉर्नर उजव्या हाताशी वर आणि एज मागे वर असणार. पेअरचा अल्गो (ठरलेल्या मूव्हची मालिका) आधी ठरवायची गरज नाही, तो हात आपोआप करतात, तुला फक्त शोधायला लागू नये.

कॉर्नर कुठला निवडायचा? ज्याला क्रॉसच्या कमीत कमी मूव्ह लागतात तो. सुंदर पेअर तयार दिसतेय म्हणून तीनदा हलणारा कॉर्नर निवडायचा मोह होतो, टाळ. एकदा हलणारा किंवा अजिबात न हलणारा कॉर्नर घे, भले त्याची पेअर थोडी लांब असेल. महिनाभर कॉर्नरच कर, एज आपोआप दिसायला लागतो, त्याच्यामागे वेगळं लागावं लागत नाही असा माझा अनुभव आहे. अर्थात सगळ्यांचं सारखं नसतं, काहींना एज ट्रॅक करणं सोपं जातं, एका मुलीला तर मी कॉर्नर कॉर्नर करून वैतागून सोडलं आणि ती एजवरून सुरू करून मस्त करायला लागली. दोन्ही आठवडाभर करून बघ.

प्रॅक्टिस. इथे बहुतेक सगळे उलटं करतात, सुरुवातीपासूनच १५ सेकंदाचा टायमर लावतात आणि मग घाईत जो जमेल तो क्रॉस करतात, म्हणजे सराव घाईचा होतो, बघण्याचा होत नाही. आधी वेळ काढून टाक. स्क्रॅम्बल कर, पांढरा खाली धर, हवा तेवढा वेळ घे, एक मिनिट लागलं तरी घे, क्रॉस आणि एक कॉर्नर नक्की कर, मग डोळे बंद करून क्रॉस कर. उघडून बघ क्रॉस झालाय का आणि कॉर्नर म्हटला तिथे आहे का. क्रॉस चुकला तर स्क्रॅम्बल परत लाव आणि नेमका कुठला पीस हातातून निसटला ते शोध, नवीन स्क्रॅम्बल घेऊन पळू नकोस, पळालास तर तीच चूक उद्या परत. बहुतेक वेळा निसटतो तो एज जो दुसऱ्याच्या मूव्हमध्ये फुकट हलला आणि तुझं लक्ष नव्हतं. दहातले आठ-नऊ बरोबर यायला लागले की ३० सेकंद, मग २०, मग १५. आणि शेवटी १२ वर ये, कारण कॉम्पिटिशनमध्ये तुला विचार करायला १५ मिळत नाहीत, ते पुढे सांगते.

सीएसटायमर (क्यूबिंगचा ऑनलाइन टायमर) वापरत असशील तर त्यात सोप्या क्रॉसचे स्क्रॅम्बल मिळतात, किती मूव्हचा क्रॉस हवा ते सांगता येतं. चार मूव्हवर ठेवून सुरू कर, क्रॉस डोक्यात पटकन बसतो आणि उरलेला मेंदू कॉर्नरला मिळतो. त्यातच क्रॉस सॉल्व्हर पण आहे, सॉल्व्ह झाल्यावर त्याचं उत्तर आणि तुझं उत्तर शेजारी ठेव. पण त्याचं उत्तर नुसतं "अरे हो" म्हणून सोडू नकोस, हाताने कर आणि दोन कामं करणारी मूव्ह कुठली होती ती बघ. त्याची काही उत्तरं विचित्र असतात, मागची बाजू फिरवा वगैरे, ती हाताला वाईट असतात, सोडून दे. एक मूव्ह जास्त पण सुटसुटीत क्रॉस मी कधीही घेईन.

अजून एक, क्रॉस करताना हळू कर. ऐकायला उलटं वाटतं. पण क्रॉस तुला माहीत आहे ना, मग त्याच्याकडे बघायचं कशाला, डोळे कॉर्नरवर ठेव आणि हात जरा सावकाश चालू दे म्हणजे पहिल्या पेअरला मधे न थांबता जाता येतं. भन्नाट स्पीडने क्रॉस मारून मग सेकंदभर थांबणारे आणि शांतपणे क्रॉस करून सरळ पुढे जाणारे, स्प्लिट (प्रत्येक टप्प्याचा वेगळा टाइम) बघितलेस तर दुसरेच पुढे असतात.

आता मित्राच्या सल्ल्याबद्दल. कलर न्यूट्रलने फायदा होतो हे खरं आहे, सहा रंगांतून निवडायला मिळालं तर सगळ्यात छोटा क्रॉस सरासरी साधारण एक मूव्हने लहान होतो. पण तुझी पाच-सहा मूव्हची क्रॉस अजून पक्की नाहीये आणि एफटूएलमध्ये (क्रॉसनंतर पेअर बसवत पहिले दोन थर पूर्ण करणं) पांढऱ्याची सवय हाडात मुरलीये, आत्ता बदललंस तर काही आठवडे टाइम वर जाणार आणि कॉम्पिटिशन पुढच्या महिन्यात आहे. आत्ता नको. नंतर हवं असेल तर फक्त पिवळा जोड, रंगांचा क्रम उलटा होतो एवढंच, पेअरचे बाजूचे रंग तेच राहतात, त्रास कमी. नवीन शिकणाऱ्याला मात्र मी पहिल्या दिवसापासून सहाही रंग करायला लावते, त्याला मोडायला सवयच नसते. एक्स-क्रॉस, म्हणजे क्रॉससोबतच एक पेअर बसवणं, समोर आयता आला तर घे, पण शोधत बसू नकोस. या लेव्हलला शोधलेल्या एक्स-क्रॉसमध्ये दोन वेळा फायदा आणि तीन वेळा मधेच विसरणं असा हिशोब होतो. आणि तू रू (सोडवण्याची वेगळी पद्धत) वगैरे करत असतास तर उत्तर थोडं वेगळं असतं, तिथे क्रॉस नसतो, पहिला ब्लॉक असतो, पण पीस ट्रॅक करायचं तत्त्व तेच.

कॉम्पिटिशनचं. तिथे जज कव्हर उचलतो तिथून वेळ चालू. ८ ला हाक, १२ ला हाक. १५ च्या आत टायमर सुरू व्हायला हवा, १५ ते १७ मध्ये सुरू केलास तर प्लस टू (टाइममध्ये दोन सेकंद वाढतात), १७ च्या पुढे डीएनएफ (तो सॉल्व्ह बाद). आणि टायमर असा हात ठेवला की लगेच तयार होत नाही, दोन्ही तळवे खाली ठेवून हिरवा दिवा लागेपर्यंत अर्धा सेकंद थांबावं लागतं, घाबरलेला माणूस हात नीट ठेवत नाही आणि परत ठेवायला जातो, त्यात अजून एक सेकंद. म्हणून १२ ची हाक म्हणजे क्यूब खाली, विचार संपला. घरी प्रॅक्टिस १२ वर आण म्हटलं ते यासाठी. सीएसटायमरमध्ये डब्ल्यूसीए इन्स्पेक्शन आणि आवाजाची सूचना चालू करता येते, आत्तापासून चालू ठेव, नाहीतर पहिल्यांदा कानाजवळ कोणी "८ सेकंद" म्हणालं की सगळा क्रॉस उडतो, हे मी समोर बसून कितीतरी वेळा बघितलंय.

८ च्या हाकेला एक निर्णय घ्यायचा. क्रॉस झालाय? मग कॉर्नरकडे. नाही झाला? मग कॉर्नर सोड, जे तीन एज पक्के आहेत त्यांच्यावर जा आणि चौथा वाटेत बघ. या क्षणी नवीन, हुशार क्रॉस शोधायला लागलास तर दोन्ही जातात. आणि तो हाताचा चाळा असतो ना, इन्स्पेक्शनमध्ये आर आणि आर-प्राइम करत बघायचा, तो आजपासून बंद. क्यूब उचलून सगळीकडून बघायला परवानगी आहे पण मूव्ह करता येत नाही, केलीस तर डीएनएफ, थर जरासा वाकडा असेल तर सरळ करता येतो तेवढंच. मागचे एज बघायला क्यूब पूर्ण फिरवण्यापेक्षा थोडा कलता कर, पूर्ण फिरवलास की उजवं-डावं मनात परत लावावं लागतं.

"रेडी" असं जज विचारतो तेव्हा लगेच हो म्हणायची घाई नको, बोटं चोळ, श्वास घे, मग म्हण. अ‍ॅव्हरेज पाच सॉल्व्हचं असतं, सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट काढून मधल्या तिघांचं, त्यामुळे पहिल्या सॉल्व्हला प्लस टू आला किंवा क्रॉस मधेच विसरलास तरी तो एक बाजूला पडतो, बाकीचे चार नीट कर. दुसरा सॉल्व्ह पहिल्याची भरपाई म्हणून जोरात मारायला जाऊ नकोस, खेळ बिघडतो तो तिथे.

प्रॅक्टिस सुरू केल्यावर जो क्रॉस अडेल त्याचा स्क्रॅम्बल आणि तुझ्या मूव्ह इथेच टाक, मी कॉर्नरसकट बघून सांगते.